पाप पदरी घ्यावे कसे आणि क्षमा स्वीकारावी कशी

सोलापुरातील मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याच्या) रविवारी सगळे उपासक एका सुरात पापकबुलीची प्रार्थना म्हणतात, पाळक क्षमेचे वचन वाचतात आणि उपासना पुढे सरकते. ही प्रार्थना चांगली आहे आणि ती कोणी टाकू नये. परंतु ज्याच्या मनात एखादे नेमके पाप महिनोन्महिने ठाण मांडून बसले आहे त्याला ती पुरत नाही, कारण इतरांबरोबर "आम्ही विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केले आहे" असे म्हणताना आपण स्वतः काय केले हे सांगण्याची वेळच येत नाही. अशा माणसाने एकांतात काय करावे, कोणाकडे जावे, कोणाकडे जाऊ नये आणि क्षमा मिळाल्यावर ती आपली म्हणून कशी धरावी, हे येथे मांडले आहे. मंडळीत वावरताना असे दिसते की पाप पदरी घेणे, म्हणजे ते आपले म्हणून कबूल करणे, लोकांना अवघड वाटते खरे, पण क्षमा घेणे त्यांना त्याहूनही अवघड जाते.

आधी वचन, मग आत्मपरीक्षा

सुरुवात आपल्या पापापासून करू नये. सुरुवात योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनापासून करावी: "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील, व आपल्याला सर्व अधर्मापासून शुद्ध करील." क्षमेचा आधार येथे देवाच्या स्वभावात ठेवलेला आहे, आपल्या अश्रूंत नाही. देव विश्वसनीय आहे, म्हणजे त्याने दिलेला शब्द तो फिरवत नाही; आणि तो न्यायी आहे, म्हणजे पापाची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर चुकती केली असल्यामुळे तीच किंमत तो पश्चात्ताप करणाऱ्याकडून दुसऱ्यांदा मागत नाही. हे आधी मनात रुजले नाही तर आत्मपरीक्षेला बसलेला माणूस भीतीपोटी पाप लपवू लागतो किंवा निराश होऊन उठून जातो.

त्यानंतर एकांत शोधावा. यंत्रमागाच्या खडखडाटाला लागून असलेल्या दोन खोल्यांत जिथे सहा माणसे राहतात, तिथे हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, याची मला जाणीव आहे. पहाटे घर उठण्यापूर्वीची वेळ, उन्हाळ्यात गच्ची, किंवा पाळकांना विचारून आठवड्यातील एखाद्या दुपारी चर्चमध्ये बसणे, यांपैकी जे जमेल ते करावे. अर्धा तास पुरेसा आहे. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राची शेवटची दोन वचने वाचून, देवाने आपले मन पारखावे अशी विनंती करावी आणि मग निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील दहा आज्ञा एकेक करून, प्रत्येक आज्ञेपाशी थांबत वाचाव्यात. ज्याला त्या आज्ञा फार ओळखीच्या झाल्यामुळे बोथट वाटतात त्याने मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील डोंगरावरचे प्रवचन घ्यावे, कारण तिथे खुनाच्या आज्ञेखाली राग येतो आणि व्यभिचाराच्या आज्ञेखाली नजर येते. जे चांगले करायला हवे होते आणि आपण केले नाही, तेही याकोबाच्या पत्राप्रमाणे पापच आहे, हे विसरू नये.

जे आठवेल ते कागदावर लिहावे आणि नेमके लिहावे. "मी लोभी आहे" हे वाक्य कोणालाही स्वतःविषयी लिहिता येते आणि त्याने काहीही हलत नाही. "भिशीचे पैसे माझ्याकडे होते, त्यातले चार हजार रुपये मी कोणाला न विचारता घरभाड्याला वापरले आणि विचारणा झाल्यावर दुसऱ्याचे नाव सांगितले" हे लिहिताना मात्र हात थांबतो, आणि ज्या शब्दापाशी हात थांबतो तिथेच बहुधा मूळ पाप असते. काम झाल्यावर कागद फाडून टाकावा; तो घरात कुठेही ठेवू नये.

शौल आणि दावीद

पाप पदरी घेणे म्हणजे काय हे पवित्र शास्त्रात दोन राजांच्या उदाहरणांवरून जितके उघड दिसते तितके कोणत्याही व्याख्येने समजत नाही. अमालेक्यांचे सर्व काही नष्ट करावे अशी परमेश्वराची आज्ञा असताना शौलाने त्यांच्या लुटीतील उत्तम मेंढरे व गुरे राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्टा समोर येताच, आपण परमेश्वराची आज्ञा पाळली आहे, असे सांगितले. मेंढरांचे बेंबटणे ऐकू येत असताना त्याने ती लोकांनी यज्ञासाठी आणली असे म्हटले. अगदी कोंडीत सापडल्यावर तो "मी पाप केले आहे" असे म्हणाला, पण लगेच "मी लोकांना भ्यालो" हे कारण जोडले आणि पुढे, माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख, अशी शमुवेलाला विनवणी केली. दावीदाचे पाप माणसांच्या मापाने याहून कितीतरी भयंकर होते. त्याने आपला सैनिक उरीया याच्या बायकोला आणवले, ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईच्या तोंडी उभे करण्याचे पत्र त्याच्याच हातून सेनापतीकडे पाठवले आणि त्याच्या मृत्यूनंतर तिच्याशी लग्न केले. नाथान संदेष्ट्याने, एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगून, "तो मनुष्य तूच आहेस" असे म्हटले तेव्हा दावीदाने "मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे" एवढेच उत्तर दिले.

दोघांचे वाक्य जवळजवळ एकच आहे. फरक त्या वाक्यानंतर काय येते यात आहे. शौलाच्या वाक्यामागून कारण येते, मग दुसऱ्याचे नाव येते, मग अब्रूची काळजी येते. दावीदाच्या वाक्यामागून काहीच येत नाही. म्हणून आपली कबुली तपासायची असेल तर तिच्यात "पण", "कारण" आणि "त्यानेसुद्धा" हे शब्द कुठे आले आहेत ते पाहावे आणि ते काढून टाकावेत. नवरा दारू पिऊन येतो म्हणून सासूशी खोटे बोललेल्या सुनेचे कारण खरे असेल, त्या कारणाबद्दल तिने देवाजवळ रडावेही, पण ते गाऱ्हाणे वेगळे आणि कबुली वेगळी. दोन्ही एकत्र केली की कबुली गाऱ्हाण्याखाली गाडली जाते.

आणखी एक गोष्ट या प्रसंगात आहे, जी आपण वाचताना ओलांडून जातो. दावीदाने वाक्य उच्चारताच नाथान त्याच श्वासात सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. मधे उपास नाही, मुदत नाही, दावीद खरोखर सुधारला का याची चौकशी नाही. तरीही पापाचे परिणाम पुसले गेले नाहीत. मूल गेले आणि दावीदाच्या घरात तलवार राहिली. क्षमा मिळाली म्हणजे गमावलेली नोकरी परत मिळेल, कोर्टातला खटला मिटेल किंवा बायकोचा विश्वास दुसऱ्या दिवशी बसेल, असे वचन देवाने कुठेही दिलेले नाही. आणि परिणाम शिल्लक आहेत म्हणजे क्षमा झालीच नाही, असे समजणेही तितकेच चूक आहे.

प्रार्थनेचे शब्द

प्रार्थना मोठ्याने करावी, निदान ओठ हलतील इतकी तरी करावी. सोलापुरात अनेक घरांत भांडण तेलुगूत होते, हिशेब कन्नडमध्ये होतो आणि उपासना मराठीत होते. ज्या भाषेत पाप घडले त्या भाषेत ते सांगितले तर ते अधिक खरेपणाने बाहेर येते, आणि देवाला व्यासपीठावरची भाषा लागत नाही. ज्याला शब्दच सुचत नाहीत त्याने एकावन्नावे स्तोत्र हळूहळू वाचावे, किंवा मंदिरात दूर उभे राहून ऊर बडवणाऱ्या जकातदाराचे "हे देवा, मज पाप्यावर दया कर" एवढेच म्हणावे. नमुन्यादाखल एक प्रार्थना देत आहे. तिच्यातले पाप आपापले घालावे.

"हे स्वर्गीय पित्या, वाटणीच्या वेळी मी माझ्या धाकट्या भावाविषयी खोटे बोललो. जागा मला हवी होती म्हणून मी बोललो. यात मी दुसऱ्या कोणाचा दोष पुढे करत नाही. तू जे पाहिलेस तेच मी तुला सांगत आहे. येशू ख्रिस्ताने माझ्यासाठी आपला प्राण दिला, त्याच्या नावाने मला क्षमा कर, आणि भावाकडे जाऊन खरे सांगण्याचे धैर्य मला दे. आमेन."

माणसांपैकी कोणाला सांगावे

पाप जितक्या लोकांपर्यंत पोहोचले असेल तितक्याच लोकांपुढे ते पदरी घ्यावे. मनातला मत्सर मनातच राहिला असेल तर तो देवाजवळ सांगावा. ज्या शेजारणीचा मत्सर केला तिला तिच्या दारात जाऊन ते ऐकवल्याने आपले मन हलके होते आणि तिचे जड होते. एखाद्या व्यक्तीचे नुकसान केले असेल तर देवाजवळ आणि त्या व्यक्तीजवळ सांगावे. सबंध मंडळीच्या पैशाचा अपहार केला असेल किंवा मंडळीत उघडपणे खोटा आरोप केला असेल तर पाळक व पंच यांच्या सल्ल्याने मंडळीसमोर सांगावे.

याखेरीज, कोणाही विश्वासू माणसाजवळ आपले पाप बोलून दाखवण्याची वाट याकोबाने पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात दाखवली आहे: एकमेकांजवळ पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही वाट जवळजवळ बुजली आहे, कारण ती कॅथलिकांची पद्धत आहे असे समजून आपण ती सोडली. वास्तविक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 साली सामान्य लोकांसाठी लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत खासगी पापकबुलीला जागा ठेवली. सगळ्या पापांची यादी देण्याची सक्ती त्यांना मान्य नव्हती, पण आपल्यासारख्याच एका माणसाच्या तोंडून "तुझी क्षमा झाली आहे" हे कानांनी ऐकण्याची गरज त्यांनी ओळखली होती. ही गरज आजही तशीच आहे. जे पाप एकट्याने पुन्हा पुन्हा देवाजवळ सांगूनही मन थाऱ्यावर येत नाही, ते एका माणसाजवळ सांगितल्यावर अनेकदा सुटते.

कॅथलिक बंधुभगिनींसाठी हा मार्ग संस्काराच्या रूपात ठरलेला आहे. विवेकाची परीक्षा, मनापासून पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूजवळ पापनिवेदन, त्यांच्याकडून पापमुक्तीचे शब्द आणि त्यांनी सांगितलेले प्रायश्चित्त, असा त्याचा क्रम आहे. गंभीर पापे त्यांच्या प्रकारासह आणि आठवेल तितक्या संख्येसह सांगायची असतात. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. ऐकलेले पाप फादर कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. पुष्कळ वर्षांनी जाणाऱ्याने संकोच न करता, क्रम आठवत नाही असे सांगावे. फादर स्वतः पुढचे विचारतात.

प्रोटेस्टंट मंडळीत मात्र असा बांधील नियम नसल्याने माणूस पारखून घ्यावा लागतो. दुसऱ्यांच्या गोष्टी जो आपल्याजवळ बोलतो तो आपली गोष्ट तिसऱ्याजवळ बोलणार, हे गृहीत धरावे. शक्यतो पुरुषाने पुरुषाजवळ आणि स्त्रीने स्त्रीजवळ बोलावे, आणि बोलण्याआधीच, हे तुमच्याजवळच राहील ना, असे स्पष्ट विचारून घ्यावे. घरगुती प्रार्थनासभेत साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, भावनेच्या भरात सगळे उघडे करणे मला योग्य वाटत नाही, विशेषतः त्या साक्षीत दुसऱ्या कोणाचे नाव किंवा ओळखता येईल असा तपशील येत असेल तर. सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे लागणाऱ्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली आध्यात्मिक जागृती झाली, तेव्हा मुलींनी रडत, मोठ्याने आपापली पापे कबूल केली. ते देवाचे काम होते असे मी मानतो. परंतु पवित्र आत्म्याने एका ठिकाणी जे घडवले ते दर शुक्रवारच्या सभेत माणसांनी घडवून आणण्याचा प्रयत्न केला की त्याचा देखावा होतो.

एका बाबतीत गुप्ततेचे वचन देऊही नये आणि मागूही नये. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रार्थना करून प्रकरण मंडळीतच मिटवणे हे क्षमेचे काम नव्हे. त्याने त्या मुलावर दुसरा अन्याय होतो.

भरपाई

गणनेच्या पाचव्या अध्यायात नियम फार स्पष्ट आहे: दोषी माणसाने पाप कबूल करावे, घेतलेले पूर्ण परत करावे, त्यात पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याचा अपराध केला त्याला ते द्यावे. विड्या वळणाऱ्या बाईच्या चांगल्या विड्याही खराब म्हणून बाजूला काढून कोणी तिची पाच हजारांची मजुरी बुडवली असेल, तर या हिशेबाने सहा हजार होतात. आपण नव्या कराराचे लोक असल्याने या आकड्याने बांधलेले नाही, पण लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराने येशूसमोर चौपट परत देण्याची तयारी दाखवली हे पाहता पाचव्या हिश्शाला कुरकुरण्याचे कारण उरत नाही. जक्कयाच्या गोष्टीतला क्रमही लक्षात ठेवावा: येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला आणि मग जक्कयाने पैसे काढले. भरपाई क्षमेची किंमत नसते. क्षमा मिळालेला माणूस ती देतो.

जाऊन बोलताना वाक्य लहान ठेवावे. "अक्का, तुमच्या चांगल्या विड्या मी खराब म्हणून धरल्या आणि तुमचे पैसे कापले. ते माझे चुकले. हे तुमचे पैसे." यानंतर थांबावे. तिने रागावून बोलले तर ऐकून घ्यावे, आणि "आता तुम्हीही मला क्षमा केली पाहिजे, तुम्ही विश्वासी आहात" असे म्हणून तिच्यावर ओझे टाकू नये. ती व्यक्ती हयात नसेल तर पैसे तिच्या वारसांना द्यावेत; वारस नसतील तर गरजूंना द्यावेत आणि विषय संपवावा. एकरकमी देणे शक्य नसेल तर हप्ता ठरवून तो न चुकता पोहोचवावा.

क्षमा स्वीकारणे

लूकाच्या पंधराव्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात, बापाकडून वाटणी घेऊन ती उधळलेला धाकटा मुलगा डुकरांमध्ये बसून तीन वाक्ये ठरवतो: मी पाप केले आहे, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या योग्यतेचा नाही, मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. घरी पोहोचल्यावर पहिली दोन वाक्ये तो बोलतो. तिसरे त्याच्या तोंडून येतच नाही, कारण बाप मधेच चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. आपल्यापैकी पुष्कळ जण ते तिसरे वाक्य आयुष्यभर बोलत राहतात. एवढे उपास करीन, एवढा दशमांश जास्त देईन, चर्चमध्ये झाडलोट करीन, मग कदाचित देव मला ठेवून घेईल. ही नम्रता दिसते, पण मुलगा म्हणून घरात येण्यापेक्षा मजुरी करून बापाच्या उपकारातून मोकळे व्हावे, अशी इच्छा तिच्यात लपलेली असते. झगा अंगावर घेऊ देणे, एवढेच त्या वेळी मुलाचे काम होते.

प्रत्यक्षात ते असे करावे. कबुलीची प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नये. योहानाचे तेच वचन पुन्हा मोठ्याने वाचावे आणि "आपल्या" या शब्दाच्या जागी "माझ्या" असे म्हणावे. मग मागणे थांबवून आभार मानावेत. "क्षमा कर" असे म्हणत राहण्याऐवजी "क्षमा केलीस म्हणून तुझे आभार" असे म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळते, कारण मनाला तसे काही वाटत नसते. वाटण्याची वाट पाहू नये. कधी मन त्याच रात्री हलके होते, कधी आठवडे लागतात.

तेच पाप दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवले तर ते नव्याने कबूल करू नये. ते सांगून झाले आहे असे म्हणून पुन्हा आभार मानावेत. त्या पापाचा आधी न दिसलेला भाग दिसला, उदाहरणार्थ खोटे बोललो हे सांगितले होते पण त्यामागचा द्वेष आज कळला, तर तेवढा नवा भाग सांगावा. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन प्रकारची दुःखे सांगितली आहेत, एक पश्चात्तापाकडे नेणारे आणि दुसरे मरणाकडे नेणारे. ओळखण्याची खूण अशी की पवित्र आत्मा नेमके पाप दाखवतो आणि पुढे काय करायचे तेही दाखवतो. उलट "तू मुळातच वाईट आहेस, तुझे काही होणार नाही" असा मोघम आरोप करणारा आवाज त्याचा नसतो. दिवसातून अनेकदा तीच कबुली केल्याशिवाय चैन पडत नसेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर पाळकांबरोबरच मनोविकारतज्ज्ञांकडेही जावे. यात विश्वासाची उणीव नाही.

प्रभुभोजनापासून दूर राहणे ही आपल्याकडची आणखी एक सवय आहे, आणि तिच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. दोषी वाटते म्हणून लोक त्या रविवारी मागच्या बाकावर बसतात किंवा घरीच राहतात आणि त्याला आदर समजतात. पौलाचे शब्द असे आहेत की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षा करून परत जावे, असे तो म्हणत नाही. ज्याने पाप पदरी घेतले आहे त्याने पुढे यावे, मग मन अजून जड असले तरी. कॅथलिक व्यक्तीने गंभीर पाप असल्यास आधी पापनिवेदन करावे, कारण त्यांच्या मंडळीचा नियम तसा आहे. तसेच मंडळीने कोणाला शिस्तीखाली ठेवले असेल तर त्याने पाळकांशी बोलून घ्यावे.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण आपल्या ऋण्यांस सोडले आहे असेही म्हणतो, म्हणून ज्याच्यावर आपला राग आहे त्याचे नाव याच वेळी देवासमोर घ्यावे. राग एका दिवसात जाणार नाही. सूड घेण्याचा हक्क सोडत आहे, एवढे त्या दिवशी म्हणता येते. याचा अर्थ मारहाण करणाऱ्याच्या घरी लगेच परत जाणे असा नाही.

तेच पाप पुन्हा घडले तर

त्याच दिवशी परत यावे. आठवडाभर तोंड लपवून, थोडे चांगले वागून मग देवाकडे जाऊ, हा विचार सोडावा; बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद सांगतो की तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडे झिजली. एका दिवसात सात वेळा अपराध करून सात वेळा पश्चात्ताप करणाऱ्या भावाला क्षमा करा असे येशूने शिष्यांना सांगितले, तेव्हा बाप स्वतः त्याहून कमी करील असे मानण्याला आधार नाही.

परंतु परत येताना व्यवस्थाही बदलावी, कारण निश्चय नुसता मनात ठेवला तर टिकत नाही. भिशीचा हिशेब एकट्याच्या हाती असेल तर दुसऱ्या कोणाला सोबत घ्यावे आणि वही सगळ्यांसमोर उघडी ठेवावी. पगाराच्या दिवशी पाय दारूच्या दुकानाकडे वळत असतील तर त्या संध्याकाळी बायकोला किंवा मित्राला कारखान्याच्या दारापाशी बोलवावे. मोबाइलमुळे घडणारे पाप असेल तर रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. ज्या विश्वासू माणसाजवळ पाप सांगितले त्याने दर आठवड्याला "या आठवड्यात कसे गेले?" असा सरळ प्रश्न विचारावा, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवावे, आणि पुढच्या भेटीचा वार व वेळ उठण्यापूर्वी ठरवून घ्यावी.